गोड्या पाण्यासाठी मागे राहिलेला सार्थवाह

पूर्वी शूर्पारक नगरात वरुणदत्त राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वांनी तेथील एका व्यापारी कुळात जन्म घेतला होता, आणि त्यांचे नाव सोमिल होते. ते दरवर्षी जहाज घेऊन पश्चिम समुद्रापलीकडच्या एका किनाऱ्यावर जात, कापड आणि काचमणी देऊन हस्तिदंत व सुगंधी डिंक आणत. तिकडच्या लोकांची भाषा त्यांना बऱ्यापैकी येऊ लागली होती.

त्या किनाऱ्यावर डिंक विकायला म्वेनी नावाची एक बाई येई. तिच्यासोबत नेहमी तिची लहान मुलगी असे. एका वर्षी म्वेनी एकटीच आली.

बोधिसत्त्वांनी विचारले, "ताई, लेक कुठे आहे?"

"पाण्याने नेली."

"समुद्रात बुडाली?"

"नाही. प्यायच्या पाण्याने नेली."

बोधिसत्त्वांनी व्यापार तिथेच थांबवला. ते तिच्याबरोबर तिच्या गावाला गेले. काटेरी झुडपांच्या माळावर एक डबके होते. गुरे त्यात उभी होती, वर हिरवी साय धरली होती. म्वेनीने हाताने साय बाजूला सारली आणि मडके भरून घेतले.

"दुसरे पाणी नाही?"

"जमिनीखाली असेल. पण आमच्या लाकडी काठ्या या जमिनीत शिरत नाहीत."

बोधिसत्त्व जहाजावर परतले, पण त्यांना बसवेना. जेवताना घेतलेले पाणी त्यांनी तसेच ठेवले. जहाजात लोखंडी कुदळींच्या राशी होत्या. पुढच्या बंदराचा राजा त्यांच्या बदल्यात हस्तिदंत देणार होता, आणि साऱ्या सफरीचा नफा त्यातच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कुदळी उतरवून गावात वाटल्या आणि स्वतः एक हातात घेतली.

पहिल्या विहिरीला पाणी लागले, ते खारट. गावाचा मुखिया कोंबो पाणी थुंकून म्हणाला, "खालीही समुद्रच आहे." लोक कुदळी टाकून निघून गेले. बोधिसत्त्व त्या खड्ड्याभोवती नुसते फेऱ्या मारत राहिले. मग माळाच्या वरच्या अंगाला जाऊन त्यांनी एकट्यानेच नवा खड्डा खणायला घेतला. काही वेळाने म्वेनी आली आणि पाटीत माती भरू लागली. तिच्यामागून एकेक जण परतला.

एवढ्यात वारा घराच्या दिशेने फिरला. तांडेल पुन्नक धावत माळावर आला.

"स्वामी, आता निघायलाच हवे. उशीर झाला तर खवळलेल्या समुद्रात सापडू. खलाशांना बायकामुले आहेत."

"त्यांना घेऊन तू जा."

"आणि तुम्ही? परक्या मुलखात एका विहिरीसाठी वर्षभर राहणार?"

"ते डबके पाहिल्यापासून मला स्वस्थता नाही, पुन्नका. घरी गेलो तरी मी इथेच असेन."

पुन्नक चिडला, रडला, शेवटी पाया पडून गेला. जहाजाचे शीड क्षितिजाआड होईपर्यंत बोधिसत्त्व पाहत राहिले. आपण मूर्खपणा तर केला नाही ना, ही शंका त्यांच्या मनातून जाईना. त्या शंकेसह ते पुन्हा खड्ड्यात उतरले.

एकदा कड ढासळून ते छातीपर्यंत मातीत गाडले गेले. लोकांनी ओढून काढल्यावर बोधिसत्त्वांनी त्यांना आधी दगडांनी कड बांधायला शिकवले आणि मग पुढे खणायला घेतले. अखेर तळाशी ओल लागली, झरा फुटला. कोंबोने ओंजळ तोंडाला लावली आणि तो खाली बसून लहान मुलासारखा रडू लागला. पाणी गोड होते.

पण बातमी पसरताच शेजारच्या गावच्या बायका मडकी घेऊन आल्या. चराईच्या भांडणामुळे दोन्ही गावांचे वैर होते. कोंबोने विहिरीभोवती काट्यांचे कुंपण घातले आणि भाला घेऊन उभा राहिला.

म्वेनीने उघड्या हातांनी काटे ओढून काढले. "माझी गेली त्या वर्षी यांचीही मुले गेली," ती म्हणाली. "मार मला, नाहीतर बाजूला हो."

कोंबो बाजूला झाला. दुसऱ्याच सकाळी बोधिसत्त्व कुदळ खांद्यावर घेऊन त्या शेजारच्या गावी गेले, आणि तिथून पुढच्या.

वर्षाने पुन्नकाचे जहाज आले. त्याला बोधिसत्त्व दूरच्या एका गावात, कंबरभर खोल खड्ड्यात सापडले. ते हाडकुळे झाले होते.

"स्वामी, घरी चला. आई वाट पाहताहेत."

"इथे अजून ओल लागलेली नाही. थोडे थांब."

तेवढ्यात म्वेनी खड्ड्यात उतरली आणि तिने त्यांच्या हातातून कुदळ काढून घेतली. "हे आता आम्हाला येते," ती म्हणाली. "तू जा."

बोधिसत्त्वांनी पाहिले, कड बांधायला कोंबो आपल्या जुन्या वैऱ्यांना दगड पोचवत होता. ते वर आले. त्या दिवशी जहाजावर ते किती तरी काळाने शांत बसले.

एवढे सांगून शास्ते भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कोंबो हा आजचा भिक्षू सोणदिन्न. तांडेल पुन्नक म्हणजे मला 'आता थांबा, विश्रांती घ्या' असे आजही विनवणारा भिक्षू वसुल. काटे दूर करणारी म्वेनी आज भिक्षुणी खेमिला झाली आहे. आणि तो अस्वस्थ सार्थवाह मीच होतो. दुसऱ्याचे दुःख पाहिल्यावर जो स्वस्थ बसू शकत नाही, आणि शंका घेरत असतानाही ज्याचे हात थांबत नाहीत, त्याच्या ठायी वीर्य पारमिता, म्हणजे अथक प्रयत्नाची परिपूर्णता, वसते."