कालवलेला घास

"चिमूटभरच काला होता, आक्का. तोही भाताच्या तळाशी घातलेला, तिला दिसू नये असा. यात माझं चुकलं काय?"

साधक निरंजननं हे विचारलं तेव्हा सात वर्षांची कृतिका आश्रमाच्या ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. अंग पुढंमागं हलत होतं. काल दुपारपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पाणीही ती ओठांना लावू देत नव्हती.

आश्रम चालवणाऱ्या आक्कांनी नजर मुलीकडे वळवली.

बोलली ती रेवती, मुलीची आई. "काय चुकलं? अहो बुवा, ही पोर जगात एकच गोष्ट खाते. पांढरा, मोकळा भात, तिच्या वाटीत. दुसरं काही जवळ आणलं तरी ओकते. स्वमग्न आहे ती, हट्टी नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला. आता तिचा भातावरचाही विश्वास उडालाय!"

"प्रसाद होता, ताई."

"तिच्यासाठी तो घाण होता."

ओसरीवर बसलेले वृद्ध साधक चपापले. रेवतीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वडीलधाऱ्यांचं ऐकूनच ती इथवर आली होती. आश्रमाचा काला पोटात गेला की पोर सुधारेल, असं सासूबाईंनी महिनाभर घोकलं होतं. डॉक्टरांनी मात्र वेगळं बजावलं होतं. हिनं भातही सोडला तर नाकातून नळी घालावी लागेल.

दुपारच्या बसनं ती मुलीला इस्पितळात नेणार होती.

आश्रमाची रीत जुनी. गावातून मागून आणलेली भिक्षा, भाकरी, वरण, भाज्या, सगळी एका परातीत ओतायची. वर पाणी घालून कालवायची. हाच काला, हाच प्रसाद. गोड, तिखट, कडू, काही वेगळं उरू द्यायचं नाही. जिभेला जिंकायचं ते असं.

आणि निरंजननं ती जिंकली आहे, असं सगळेच मानत. तो स्वतःही.

"आक्का, मी इतकी वर्षं समोर येईल ते खातोय," तो म्हणाला. "एका लहान मुलीला एक घास जड जावा?"

आक्का उठल्या. निरंजन कालवायला बसणार तोच त्यांनी त्याच्या पुढ्यातली परात उचलली आणि जमिनीवर उपडी ठेवली.

"आज कालवायचं नाही."

"मग जेवायचं कसं?"

"वेगवेगळं."

एका म्हाताऱ्या साधकाला राहवलं नाही. "एका पोरीपायी आश्रमाचा नियम मोडायचा, आक्का?"

"भूक नसेल तर उठा," आक्का म्हणाल्या.

कुणी उठलं नाही.

मग आक्कांनी कृतिकाची वाटी घेतली. मुलीला दिसेल अशी, सावकाश घासली, धुतली, पालथी करून दाखवली. ओसरीवरच्याच चुलीवर मूठभर तांदूळ शिजत घातले. भांड्यावर झाकण ठेवलं नाही. भात झाल्यावर तो वाटीत मोकळा केला आणि वाटी मुलीपासून चार हातांवर ठेवली.

"बाळा, खा हं," रेवतीच्या तोंडून निघालं.

आक्कांनी नुसता हात वर केला.

पंगत बसली. निरंजनला आक्कांनी त्या वाटीशेजारीच बसवलं. त्याच्या पानावर भाकरी एका बाजूला, वरणाचा द्रोण दुसऱ्या बाजूला, मध्ये कारल्याची भाजी.

त्यानं भाकरी खाल्ली. वरण प्यायला. कारल्याची एक फोड उचलली, तोंडापर्यंत नेली...

खाली ठेवली.

पुन्हा उचलली. कपाळावर घाम आला. ओठ मिटले ते उघडेनात.

"काय झालं बुवा?" रेवतीच्या आवाजाला धार होती. "एक घास जड जातोय?"

"रोज खातो मी, ताई. काल्यात असतंच की कारलं."

"मग?"

"असं... एकटं कधी आलं नव्हतं समोर."

त्यानं चोरून इकडंतिकडं पाहिलं आणि फोड भाकरीच्या तुकड्याखाली सारली.

कोपऱ्यातलं हलणं थांबलं होतं.

कृतिका मान वळवून त्याच्या पानाकडे बघत होती. ती उठली. टाचा उंचावून, भिंतीला घासत आली. त्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा तिनं बाजूला केला. खालची फोड एका बोटानं ढकलत ढकलत पानाबाहेर नेली. बोट फ्रॉकला पुसलं.

निरंजन हलला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

मग तिनं आपली वाटी ओढली आणि त्याच्याकडे पाठ करून, त्याला टेकूनच बसली. वाटीचा तळ दिसेपर्यंत बोटांनी भात उकरला. वास घेतला. एक शीत जिभेवर ठेवलं...

गिळलं.

मग दुसरं.

रेवतीनं पदर तोंडात कोंबला. बाहेर दुपारची बस आली, थांबली, निघून गेली. तिनं मान वळवली नाही.

वाटी अर्धी झाली तशी रेवती सरकत सरकत आक्कांजवळ आली. आता आवाजात धार नव्हती.

"आक्का... या भाताशिवाय दुसरं काही खाईल का हो ही? कधीतरी?"

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या पानाबाहेर पडलेल्या फोडीकडे बघत होत्या.

"निरंजन, तूच सांग तिला," त्या म्हणाल्या. "तू कधी खाशील?"