रखमाजीची कावड

भक्तहो, विभूतनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा शेंदूरगावी, टेकडीच्या पायथ्याच्या मठात होता. टेकडीवर नीळेश्वराचं देऊळ. त्याच्या तीनशे पायऱ्या ज्या पाथरवटानं घडवल्या, त्याच्याच घराण्याकडे चैत्रातल्या पहिल्या कावडीचा मान. कावड वाटेत जमिनीला टेकवायची नाही, एवढाच दंडक. पण गावानं त्यात पदरची भर घातली होती, की मानकऱ्यानंही कुठं बसायचं नाही.

आताचा मानकरी रखमाजी. जाती-पाटे घडवता घडवता दगडाची भुकटी त्याच्या छातीत बसलेली. चार पावलं टाकली की धाप लागे. आणि स्वभाव असा भिडस्त, की खोकल्याची उबळ आली की हा गोठ्यात जाऊन खोकायचा, घरच्यांना कळू नये म्हणून!

आबाजी इनामदार भर चावडीवर म्हणाले, "रखम्या, तुझा भाता फाटला. देवाला आंघोळ घालणार, की त्याच्या दारात प्राण सोडणार? यंदा मान आमच्याकडे दे." लोक खो खो हसले. रखमाजी तसाच मठात आला नि महाराजांपुढं रडू लागला. "सात पिढ्यांचा मान माझ्या हातून जाणार, महाराज!"

महाराज म्हणाले, "घरी सांगितलंस?"

"कशाला त्यांच्या जिवाला घोर?"

"वा रे शहाण्या! देवाला सांगतोस आणि बायकोपासून लपवतोस? जा, सगळ्यांना घेऊन ये."

बायको भागा, मुलगा सोनबा, सून मंजुळा अशी तिघं आली. महाराजांनी मंत्र दिला नाही की अंगारा. म्हणाले, "चिलीम बंद. दगडावर आधी पाणी मारायचं, मग टाकी चालवायची, नाकातोंडाला ओला पंचा बांधून. भागाबाई, चूल परसात न्या. आणि रखमाजी, धाप लागली की घाबरून हवा ओढू नकोस. गरम दुधावर फुंकर घालतो ना आपण, तसा ओठांतून हळू श्वास सोड. रोज थोडं चाल. दमलास की बस."

"बसू? खांद्यावर कावड असताना?"

"कावड टेकायची नाही हे खरं. माणसानं टेकायचं नाही, हे कुठल्या देवानं सांगितलं?"

चार महिने सगळं घर त्याच्या मागं लागलं. चिलिमीवाचून रखमाजी चिडचिडला, तेव्हा भागानं ती सरळ विहिरीत टाकली. "रुसा खुशाल! पण जित्तं राहून रुसा," म्हणाली.

चैत्रातला तो दिवस उजाडला. दहा पायऱ्या चढायच्या नि बसायचं, असा रखमाजीचा बेत. तो बसला की कावडीला सोनबा खांदा देई, मंजुळा घागरी सावरी, भागा पाठ चोळी. खाली टवाळी चालली होती. आबाजी तर मठातच येऊन बसले आणि म्हणाले, "महाराज, तुमचा भक्त अर्ध्यात आडवा होणार बघा."

दोनशे ऐंशी पायऱ्या झाल्या आणि रखमाजीचा श्वास अडकला. डोळ्यांपुढं अंधारी आली. ओठ निळे पडले. "धनी!" भागानं हंबरडा फोडला. तोच त्याच्या पाठीवर एक रुंद, उबदार हात फिरला. कानाशी शब्द आले, "फुंकर घाल, रखमाजी. दूध गरम आहे." त्यानं ओठ जुळवले, फुंकर घातली. पुन्हा घातली. आणि काय सांगावं! छातीतली गाठ सुटली, वारा आत आला. रखमाजी उठला, कावड खांद्यावर घेतली आणि उरलेल्या वीस पायऱ्या चढून त्यानं नीळेश्वरावर धार धरली. साऱ्या टेकडीवर एकच जयघोष झाला!

जयघोष ऐकून आबाजी मठातून धावत वर आले. रखमाजीच्या पाठीकडं बघून जागीच थिजले. सदऱ्यावर भस्माचा अख्खा पंजा उमटला होता.

"आत्ता खाली मठात, माझ्यासमोर," ते अडखळत म्हणाले, "महाराजांनी भस्माचा हात हवेत फिरवला. 'फुंकर घाल' म्हणाले. मला वाटलं, म्हातारपणी त्यांना भ्रम झाला."

सगळे खाली आले. रखमाजीनं महाराजांचे पाय धरले. "तुमच्या हातानं वाचलो, महाराज."

महाराज हसले. "माझा एकच हात होता रे. बाकीचे सहा तुझ्या घरचे. चार महिने ते राबले, म्हणून माझा कामी आला."

आबाजींनी डोक्यावरचं पागोटं उतरवून बाजूला ठेवलं. आधी महाराजांपुढं लोटांगण घातलं, मग भागाबाईपुढं वाकून म्हणाले, "माउली, मला क्षमा करा."