शमुवेलकाकांची कोरडी टाकी

"बाप्तिस्म्याच्या टाकीत डोकं बुडाल्याबिगर मंडळीत नाव न्हाई! आन् मंडळीत नाव न्हाई, तर आपल्या चर्चात लगीन न्हाई!" चर्चचे मुख्य पंच शमुवेलकाकांनी काठी आपटली.

सलोमीचं लग्न सोमवारवर आलेलं आणि गावच्या विहिरीने तळ गाठलेला!

"काका, आजोळच्या पाळकांनी ल्हानपणीच मला बाप्तिस्मा दिलाय की!"

"शिंपडून! चार थेंबांत बाप्तिस्मा होतो व्हय? सगळं आंग पाण्याखाली गेलं पायजे!"

"पण टाकीत पाणी कुठंय?"

"ते तू बघ! रविवारपतुर टाकी भर, न्हाईतर पावसाळ्यापतुर थांब!"

थांबायचं कसं? नवरा मुलगा सीलास मंगळवारी दूर आसामात नोकरीवर निघणार होता. पण काकांपुढे बोलणार कोण? इथले पाळकसुद्धा त्यांच्या खोकल्याला घाबरत. गंमत म्हणजे चर्च झाडायला सलोमी चालत होती. येशूच्या आठवणीत सगळ्यांना वाटायचा प्रभुभोजनाचा पाव कापायलाही तीच. फक्त खायची तिला बंदी! आणि तो पाव काका इतका बारीक कापून घेत, की मुंगीनेही दुसरा तुकडा मागावा.

रविवार उजाडला. टाकी ठणठणीत कोरडी. प्रभुभोजनाची वेळ झाली, पाळकांनी ताटावरचा रुमाल उचलला आणि काकांचे डोळेच पांढरे झाले. तुकडे नव्हतेच, माणशी एकेक अख्खा पाव! शेजारी द्राक्षरसाचे तांबे!

"हे काय गं? मंडळी जेवाया बसलीय काय?"

"तुमीच तर भोजन म्हणता! पोट भरल्याबिगर भोजन कसलं, काका?"

"अगं येडे, हितं पोटाचा काय संबंध? इश्वासानं घेतला, तर कणभर पावबी पुरं भोजन असतंय!"

"कणभर पुरतो?"

"पुरतो म्हंजी पुरतो!"

"मग माझ्या आईबापानं इश्वासानं घेतलेलं थेंबभर पाणी का पुरत न्हाई? का देव पावाला उदार आन् पाण्याला चिक्कू?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. काकांनी ओरडायला तोंड उघडलं, तर हसूच बाहेर पडलं. पोट धरधरून हसले!

"हरलो, पोरी! आजपासून तू मंडळीची. उद्याचं लगीन हितंच, आन् जेवण समदं माझ्याकडून!"

सलोमीने पदर सावरला. "पोटभर, काका? का प्रभुभोजनाएवढं?"

आता मात्र पाळकही खो खो हसले, तेही काकांना न विचारता!