तबिथाबाईंचं जातं

"मग टिकायचं तरी कसं, बाई?" शिमोनने विचारलं. ज्वारीचं लहानसं पोतं अजून त्याच्या खांद्यावरच होतं.

तबिथाबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. पन्नास वर्षं त्या वाड्यावस्त्यांवर पवित्र शास्त्र वाचून दाखवत हिंडल्या होत्या. शिमोनला अक्षरओळखही त्यांनीच करून दिलेली. तोच आता शिकून, ख्रिस्ती मंडळीचा पाळक होऊन गावी परतला होता.

त्याने सगळं सांगितलं. भागवत गिरणीवाल्याने ख्रिस्ती घरांचं दळण बंद केलं होतं. रविवारची उपासना थांबवा, गिरणी उघडी आहे, असा त्याचा निरोप होता. शिमोनने ठणकावून नाही म्हटलं. मग कोण काय बोललं, चर्चच्या पत्र्यावर कसे दगड पडले, आपण कसे तसूभरही हललो नाही... सांगता सांगता त्याची मान ताठ होत गेली. आता तो दळण घेऊन दोन कोसांवरच्या गावी निघाला होता.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या हसल्या.

शिमोनला ते लागलं.

"सोसलंस, खरंच सोसलंस," बाई म्हणाल्या. "पण आनंद झाला का रे?"

शिमोनने खांद्यावरचं पोतं उगाच सावरलं.

बाई उठल्या. त्याच्या खांद्यावरचं पोतं त्यांनी उतरवून घेतलं आणि पडवीतल्या जात्यापाशी सोडलं.

"बस."

शिमोन इकडेतिकडे बघू लागला. पाळकाने जात्यावर बसायचं म्हणजे काय! पण बाईंनी खुंटा धरला होता. तो मुकाट्याने समोर बसला.

बाई जात्याच्या तोंडात मूठ मूठ ज्वारी वैरत प्रभूचं गाणं म्हणू लागल्या. शिमोनचा हात पुढे जाई, सूर मागे राही. सूर गाठावा तर जातं अडे. तळहाताला फोड आला. एकदा तर त्याने इतक्या जोरात ओढलं, की खुंटाच निघून हातात आला आणि तो मागे कोलमडला.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग शिमोनही हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

पुन्हा जातं फिरू लागलं. आता गाणं जमलं होतं.

एवढ्यात दारात सावली पडली. भागवतची आई, कौतिकाबाई, उभी होती.

शिमोनचं हसू मावळलं. म्हातारी भांडायलाच आली, असं त्याला वाटलं.

"तुमच्या मुलाने गिरणी बंद केलीय, आजी," तो कोरडेपणाने म्हणाला.

"गिरणी केलीय. जातं कुठं केलंय?" असं म्हणत कौतिकाबाई आत आली. "सरक जरा. असं दळतात होय?"

शिमोन सरकला. दोघी म्हाताऱ्यांनी खुंटा धरला. एक कडवं तबिथाबाईंनी प्रभूचं म्हणावं, पुढची ओवी कौतिकाबाईने आपल्या माहेरची. जात्याभोवती पांढरंशुभ्र पीठ सांडत राहिलं. शिमोन ज्वारी वैरत बसला. पत्र्यावरचे दगड त्याला त्या वेळी आठवलेसुद्धा नाहीत.

दळण संपलं. कौतिकाबाई पदर झटकून गेली.

बाईंनी पीठ भरलं. पोत्यात भरता भरता एक डबा वेगळा काढला आणि शिमोनच्या हातात दिला.

"हे भागवताच्या घरी."

शिमोन बघतच राहिला. "त्याच्या घरी? गिरणीवाल्याला पीठ?"

बाई पडवी झाडू लागल्या.

"लोक म्हणतील, पाळक नमला..."

केरसुणी चालूच राहिली.

शिमोनने डबा छातीशी धरला. दारापर्यंत गेला, पुन्हा वळला.

"बाई, रविवारी उपासना होणारच, हेही त्याला सांगू?"

"सांग की," बाई म्हणाल्या. "पण आधी जा, पीठ गरम आहे तोवर."