उरलेली खीर

राजाच्या ताटातला पहिला घास रायाजीने खायचा आणि तो जगला तरच राजाने जेवायचं, अशी त्या राजवाड्याची रीत होती. राणीच्या भावाने खीर पाठवली, त्या दिवशी रायाजी जागीच गेला.

त्याची बायको भिवरा न्याय मागायला दरबारात आली. राजपंडित म्हणाले, "बाई, खिरीत विष होतं हा नुसता संशय. संशय म्हणजे ज्ञान नव्हे."

भिवराने उरलेली खीर राजापुढे ठेवली. "मग खा, महाराज! माझ्या माणसाला रोज मरणाच्या तोंडी द्यायला तुम्हाला नुसता संशय पुरला. आता तो मेल्यावर ज्ञान लागतं होय?"

कुत्र्याच्याही तोंडी लागू नये म्हणून राजाने ती खीर गावाबाहेर खोल पुरायला लावली. मग निकाल लिहवला: रायाजी कशाने मेला, हे कळायला मार्ग नाही.