राघू रंगाची कुंची

गोदावरीच्या काठी सावरखेड येथे वाकळनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या काळची ही कथा. अंगावर ठिगळांची वाकळ, मुखी रामनाम आणि बसायला राममंदिराची पायरी, एवढाच महाराजांचा संसार. मंदिराची वहिवाट भिकाजीपंतांकडे होती. पंत सोवळ्याचे मोठे कडक! अंगावरून वारा गेला तरी तो कोणाच्या दारावरून आला हे विचारतील, असे लोक म्हणत.

त्याच गावात सगुणा पटवेकरीण राहत असे. रेशमाच्या भरतकामात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. रामनवमीला पाळण्यातल्या बाळरामाच्या डोक्यावर जी कुंची चढे, ती दरवर्षी सगुणाच भरी. नवरा आधीच गेलेला. मागल्या पावसाळ्यात तिचा एकुलता एक रघुनाथही तापाने गेला. त्याला ती लाडाने राघू म्हणे. पोराला माती देऊन ती घरी आली, काही दिवसांनी रेशमाची पेटी उघडली, आणि पाहते तो काय! साऱ्या लडी राखेच्या रंगाच्या. डोळ्यांना सगळे दिसत होते. रंग तेवढा उरला नव्हता.

तिने हे कोणालाच सांगितले नाही. नटवायला घरात बाळ नाही. निदान रामाची कुंची तरी आपल्या हातून व्हावी, एवढ्या एका आशेवर ती बिचारी जगत होती. पण रंग निवडायचे कसे? मग ती लडीचे टोक जिभेला लावून पाहू लागली. हळदीत रंगवलेले रेशीम कडवट लागे, डाळिंबाच्या सालीचे तुरट. पोपटी रंगाला त्या गावात राघूच म्हणत. ती लड हळदीतून काढून निळीत बुडवलेली. कडवटपणात निळीचा उग्र वास मिसळला की तिला हुंदका फुटे. तरी कुंचीच्या काठाची सगळी पाने तिने राघूनेच भरली.

नवमीच्या आदल्या दिवशी पंत कुंची न्यायला आले. सगुणा शेवटचे पान भरत होती. धाग्याचे टोक तिच्या जिभेवर होते.

"अगं ए सगुणे! देवाचा धागा उष्टा करतेस?"

"पंत, मला रंग दिसत न्हाईत. पोर गेल्यापासून दिसत न्हाईत. जिभेनं वळखते."

पंत मोठ्याने हसले. "ऐका हो! ही आंधळी भरतकाम करणार आणि रामाला उष्टं घालणार! तुझं पोर उगाच नाही गेलं. ही कुंची मंदिराची पायरी चढायची नाही. माझ्या घरी जरीची आहे."

शेजारपाजारचे लोक दारात उभे होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. अशा वेळी गावाला नेमके जमिनीवर काहीतरी पाहायचे असते.

दुसऱ्या दिवशी मंदिरात चौघडा वाजत होता आणि सगुणा घाटावर बसली होती. कुंची गंगेत सोडायची आणि मागोमाग आपणही जायचे, असे तिने ठरवले होते.

माध्यान्ही रामजन्म झाला. पंतांनी बाळरामाला जरीची कुंची चढवली, दोरी ओढली. पण पाळणा हलेना! चार गड्यांनी ओढला, तरी हलेना. आणि पाळण्यातून तान्ह्या पोराचे रडणे ऐकू येऊ लागले. बायकांच्या अंगावर काटा आला. पंतांना दरदरून घाम फुटला.

महाराज पायरीवरून उठले आणि तडक घाटावर गेले.

"सगुणे, चल. पोर रडतंय."

"माझं पोर आता रडत न्हाई, महाराज."

महाराजांचे डोळे भरून आले. "ते मला आणून देता येत नाही, बाई. पण हे रडतंय, आणि ते दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही."

ती आली. पंत उंबऱ्यात आडवे आले. महाराज म्हणाले, "पंत, लहानपणी तुमच्या अंगड्याचा दोरा तुमच्या आईनं कशानं तोडला होता?"

पंत बाजूला झाले.

सगुणेने जरीची कुंची उतरवली आणि आपली चढवली. काल काम अर्धवट राहिल्याने शेवटच्या पानाचा धागा तसाच लोंबत होता.

"तोड," महाराज म्हणाले.

"कात्री न्हाई."

"आईला कात्री कशाला?"

सगुणा वाकली. तिचे ओठ बाळरामाच्या कपाळाला टेकले आणि तिने दातांनी धागा तोडला. रडणे थांबले! दोरीला कोणाचा हात नसताना पाळणा हलू लागला!

"राघू!" ती किंचाळली. "राघू दिसला, महाराज!"

ती रंगाविषयी बोलली की पोराविषयी, हे कोणी विचारले नाही. बाकीचे रंग तिला पुढे कधीच दिसले नाहीत. तो एक हिरवा मात्र मरेपर्यंत दिसत राहिला.

पंत महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नाही. तिकडे."

तेव्हा साऱ्या गावादेखत भिकाजीपंतांनी सगुणेच्या पायांवर डोके ठेवले. "माय, तुझा धागा उष्टा नव्हता. काल विटाळली ती माझी जीभ."

रडत रडत सगुणेने पाळण्याची दोरी उचलली आणि पंतांच्या हातात दिली.