कवड्याची बुडी

"मग तुम्हीच सांगा बाबा, चुकतंय कुठे माझं?"

मंदाकिनीबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. हरिगिरीबाबा मठाच्या घाटावर, अगदी खालच्या पायरीला बसून दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि पाण्याकडे बोट केलं.

धरणाच्या फुगवट्यावर एक कवड्या धीवर अधांतरी थांबला होता. काळापांढरा, पारव्याहून लहान. पंख सारखे फडफडत होते, चोच सरळ खाली.

बाईंनी कॅमेरा उचलला. खटखट चार फोटो काढले, आणि ते कसे आलेत हे पाहायला मान खाली घालून मागच्या पडद्यात डोकावल्या.

छप्प.

मान वर केली तोवर पाण्यावर नुसती वलयं उरली होती. पक्षी बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावर बसून मासा आपटत होता.

"माई," बाबा म्हणाले, "तो बुडी मारतो ते माशालाही दिसतं. तुम्हालाच तेवढं दिसत नाही."

"माशाला दिसून काय उपयोग झाला?"

बाबा खो खो हसले. बाईंना हसू आलं नाही.

बाई गणिताच्या. सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं. ताळा करून पाहिल्याशिवाय कुणाला पुढचं गणित घेऊ दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमोच्या फेऱ्या झाल्या. केस गेले, ते आता बोटभर परत आले होते. त्या दिवसांत खाटेवर पडल्या पडल्या, भावाने आणून दिलेल्या कॅमेऱ्यातून खिडकीबाहेरच्या जास्वंदीवरचा इवलासा शिंजीर पक्षी टिपायचा त्यांना नाद लागला. उठून बसायला लागल्या ते त्या नादापायीच. पुढे हात बसला, मोठी भिंगं आली, लोक त्यांचे फोटो मागून नेऊ लागले. मठात येण्याआधी बाबांचं तालुक्याला फोटोचं दुकान होतं, असं कुणीसं सांगितलं, म्हणून त्या इथे येऊन राहिल्या होत्या. आज पाचवा दिवस. सोमवारी पुण्याला स्कॅन होता.

आणि मनाशी एक बांधलेलं होतं. कवड्याची बुडी नेमकी पाण्याला टेकताना मिळाली, तर स्कॅन स्वच्छ निघणार. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आज बाबांना सांगून टाकलं. सांगताना आवाज कोरडाच राहिला.

बाबांनी हसण्यावारी नेलं नाही.

"खिडकीतून काढायचात, तेव्हा कसला नवस होता?"

"तेव्हा कसला..." बाई थांबल्या. "तेव्हा अर्धा अर्धा तास मी आजारी आहे हेच विसरायची. तो अर्धा तास परत मिळावा म्हणून हिंडतेय बाबा. तळी झाली, धरणं झाली. मिळत नाही."

"ते फोटो कुठे आहेत?"

"हललेले होते सगळे. पुसून टाकले."

...

बाबांनी हातातला लोटा पायरीवर ठेवला. मग त्यांनी बाईंची औषधांची पिशवी मागून घेतली. रक्त काढल्यावर कापसावर लावतात ती पांढरी चिकटपट्टी शोधली, दातांनी तिचे तुकडे तोडले, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकाखाली एक असे नीट चिकटवले. पडदा पार झाकून गेला.

चिकटवता चिकटवता दुकानातल्या गोष्टी सांगत होते. रोल शहरातून धुऊन यायला आठ दिवस लागत, आणि लग्नघरची माणसं तिसऱ्या दिवसापासून उंबरा झिजवत. एका मुलीच्या बापाला धीर निघेना. त्याने काउंटरवरची, अजून न धुतलेल्या रोलची डबी उचलली आणि रोल उलगडून उन्हात धरून पाहिला. धुतल्यावर त्या लग्नात एकही माणूस उरलं नव्हतं.

"पण फोटो आला की नाही, हे मला कळणार कसं?"

बाबा लोटा विसळू लागले.

कवड्या परत आला. अधांतरी थांबला. बाईंनी डोळा कॅमेऱ्याला लावला, बटण दाबलं. सवयीने अंगठा मागे गेला आणि चिकटपट्टीवर अडखळला. मान वरच राहिली.

पक्षी दगडासारखा सुटला. पाणी फुटलं. चोच रिकामीच वर आली. अंग झटकून तो पुन्हा चढला, पुन्हा थांबला, पुन्हा सुटला. पुन्हा रिकामा.

"घाई करतोस, बाळा," बाई पुटपुटल्या.

पिशवीतला मोबाइल नऊच्या गोळीसाठी वाजला. थांबून पुन्हा वाजला. बाबांनी ऐकला. बाईंनी नाही.

ऊन चौथ्या पायरीवर आलं तेव्हा त्यांनी कॅमेरा खाली घेतला. समोर बाबा एका हातात गोळी आणि एका हातात पाणी घेऊन उभे होते.

"वाजले किती?"

"साडेनऊ होऊन गेले." बाई दचकल्या. मग गोळी गिळून कितीतरी वेळ लोटा तसाच हातात धरून बसल्या.

...

जरा वेळाने त्यांचं नख आपसूक चिकटपट्टीच्या कोपऱ्याखाली गेलं. बाबांनी अडवलं नाही.

"आला असेल का हो?"

बाबांनी त्यांच्या हातातला लोटा काढून घेतला.

"आणि सोमवारी? सोमवारी काय निघेल, बाबा?"

रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहावं, तशा त्या बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

बाबा पाण्यावरच्या कवड्याकडे पाहत होते.

"माझ्या तोंडाकडे काय बघता, माई? तो पुन्हा वर चढलाय."